चिकूच्या नावाचा डबा

मला जो आजार होता त्याचं आमच्या घरात सहा वर्षं कौतुक चाललं होतं.

मी हात धुवायची. भाजी चिरण्याआधी, चिरताना, चिरून झाल्यावर. नळ बंद केला की नळाला हात लागला म्हणून पुन्हा. दाराची कडी, बसमध्ये परत मिळालेली चिल्लर, वर्तमानपत्र, शेजारणीने दिलेली वाटी, कशालाही हात लागला की छातीत धडधड सुरू व्हायची आणि साबण हातात आल्याशिवाय थांबायची नाही. बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या. लिंबू पिळताना डोळ्यांत पाणी यायचं.

आमचं घर बेंगळूरच्या जुन्या मराठी घरांपैकी. घरात मराठी, दारात कन्नड. सोवळ्याला आम्ही इथल्यासारखं मडी म्हणतो. माझ्या सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात. त्या आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची सुधा मडीची भारी पक्की. अशी सून दिवा घेऊन शोधलीत तरी मिळायची नाही." ती सुधा मी. पाहुण्या बायका माझे सोललेले हात बघून माना डोलवायच्या. एकीलाही विचारावंसं वाटलं नाही की बाई, तुला दुखतं का?

याला आता बरीच वर्षं झाली. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. मी बरी आहे. राग मात्र बरा झालेला नाही, आणि त्याच्यावर औषध घ्यायची माझी इच्छाही नाही. ज्यांच्या घरात असा आजार आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे, आणि थोडं रागासाठीही. माझ्या नवऱ्याला मी नावाने हाक मारत नाही, पण या लिहिण्यात त्यांचं नाव येणार. गुरुनाथ. पुरेशी लपवालपवी झाली.

चिकूचा पाय

चिकू आमचा कुत्रा. गुरुनाथांनी फॅक्टरीच्या गेटपाशी सापडलेलं पिल्लू आणलं, पिकल्या चिकूच्या रंगाचं, म्हणून चिकू. मडीच्या घरात त्याला जागा मागच्या अंगणात, साखळीला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची त्याला बंदी होती आणि ते त्याला माहीत होतं.

लोक विचारतात, एवढं हात धुणारी तू, कुत्र्याला कशी शिवायचीस? या आजाराला तर्क नसतो. वर्तमानपत्राची भीती वाटायची, चिकूची नाही. त्याच्या कानामागे खाजवलं की माझ्या डोक्यातला गलका थोडा कमी व्हायचा.

तिसऱ्या वर्षी त्याने पुढचा डावा पाय चाटायला सुरुवात केली. तासन् तास, एकाच जागी. केस गेले, मग कातडी गेली, मग तळहाताएवढी जखम. हळद लावली, कडुनिंबाचं तेल लावलं, कापडाच्या पट्ट्या बांधल्या. तो पट्ट्या फाडून पुन्हा चाटायला बसायचा. अक्का हळहळायच्या, "बिचारं मुकं जनावर. किती त्रास होत असेल." त्या हे म्हणत असताना मी शेजारच्या मोरीत हात धूत असायची.

शेवटी मी त्याला रिक्षात घालून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. बाकावर माझ्या एका बाजूला शेळी आणि दुसऱ्या बाजूला टोपलीतल्या कोंबड्या. डॉक्टर किरकोळ अंगाचे, हळू आवाजात कन्नड बोलणारे. त्यांनी जखम बघितली, पाय वाकवून बघितला, आणि मला प्रश्न विचारायला लागले. दिवसभर बांधलेला असतो का? एकटा असतो का? घरात कुणी ओरडलं की चाटणं वाढतं का?

"पायात काही नाही, अम्मा," ते म्हणाले. "म्हणजे आता आहे, पण ते चाटून झालेलं आहे. सुरुवात डोक्यात आहे. त्याला भीती वाटते. चाटलं की घटकाभर बरं वाटतं. मग पुन्हा भीती, पुन्हा चाटणं. त्याची इच्छा असली तरी त्याला थांबता येत नाही."

मी रडायला लागले. त्यांना वाटलं कुत्र्यासाठी रडते आहे. चिकूला धरायला मी टेबलावर हात ठेवले होते. त्यांची नजर त्या हातांवर गेली.

"हे कशाने झालं?"

"धुऊन."

ते हसले नाहीत, मडीचं कौतुकही केलं नाही. चिठ्ठी लिहीत म्हणाले, "याला ज्या गोळ्या देतोय त्या माणसांच्याच आहेत. कुत्र्यांसाठी वेगळ्या आपल्याकडे मिळत नाहीत. मी बाहेरच्या डॉक्टरांनी लिहिलेलं वाचलं आणि थोड्या कुत्र्यांना देऊन बघितल्या. रोज एक द्या. महिना-दीड महिना फरक दिसणार नाही, धीर सोडू नका. साखळी सोडा, रोज लांब फिरवून आणा, एकटं ठेवू नका. नुसत्या गोळीने होत नाही." मग पेन खाली ठेवलं. "माणसांमध्ये या गोळ्या हात धुणाऱ्यांना देतात. मी जनावरांचा डॉक्टर, तुम्हाला लिहून देता येत नाही. पण तुम्ही माणसांच्या डॉक्टरकडे जा. उद्या नको, आजच जा."

माझ्या आजाराचं निदान असं झालं, शेळी आणि कोंबड्यांच्या रांगेत.

माणसांचा दवाखाना

डोक्याच्या आजारांच्या वॉर्डात मला तीन आठवडे भरती करून घेतलं. गुरुनाथांनी गल्लीत सांगितलं की सुधा माहेरी म्हैसूरला गेली आहे.

वॉर्डात सकाळी सहाला घंटा व्हायची. स्टीलच्या लोट्यात चहा, मग रांगेत गोळ्या, मग जीभ वर करून दाखवायची. हे जीभ दाखवणं मला फार लागलं. लहान मुलालासुद्धा एवढं तपासत नाहीत. नळाजवळ लक्ष्मम्मा नावाची आया उभी असायची. तिचं काम माझ्यावर लक्ष ठेवण्याचं. दुसऱ्यांदा साबणाकडे हात गेला की ती म्हणायची, "साकु, अम्मा. आता पुरे." पहिल्या दिवशी मी तिला शिव्या दिल्या. संध्याकाळी ती घरून खोबरेल तेल घेऊन आली आणि माझी एकेक भेग बोटाने भरली. सहा वर्षांत माझा हात असा कुणी हातात घेतला नव्हता.

गोळ्यांचं पाकीट मी मागून बघितलं. चिकूचंच. त्याला रोज एक, मला रोज तीन. मी मोठ्याने हसले आणि नर्सने ते कागदावर लिहून घेतलं.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. तोंडाला कोरड, पोट साफ नाही, दिवसा झोप आणि भीती होती तिथेच. कुणी तुम्हाला सांगितलं की गोळी घेतली की लगेच बरं वाटतं, तर विश्वास ठेवू नका. घरी चिकूचंही तेच चाललं होतं. सारखं पाणी प्यायचा, एकदा ओकला, भिंतीला टेकून झोपून राहायचा.

घरी आले तेव्हा डॉक्टरांनी मला गृहपाठ दिला होता. दाराची कडी धरायची आणि दहा मिनिटं हात न धुता बसायचं. मी दुपारी मागच्या पायरीवर बसायची, हात मांडीवर उताणे. शेजारी चिकू, चाटू नये म्हणून गळ्यात बूड कापलेली प्लॅस्टिकची बादली. त्याला पायाकडे जाता येत नव्हतं, मला नळाकडे. दोघं थरथरत बसायचो. दीड महिन्याने एका दुपारी माझ्या लक्षात आलं की वीस मिनिटं होऊन गेली आहेत आणि मी पेरूच्या झाडावरचा सरडा बघते आहे. चिकू घोरत होता.

डबा

घरात आता दोघंजण गोळ्या खात होते. त्यातल्या एकाचा सगळ्यांना अभिमान होता. "आमच्या चिकूची फॉरेनसारखी ट्रीटमेंट चालू आहे," गुरुनाथ फॅक्टरीत सांगायचे. शेजारचे कुंपणावरून विचारायचे, आज गोळी घेतली का पोराने? अक्का स्वतः दोशाच्या तुकड्यात गोळी लपवून त्याला प्रेमाने भरवायच्या. मी गोळी घेताना त्याच अक्का तोंड फिरवायच्या. "डोक्याचं औषध चारचौघांत घेऊ नये गं. आतल्या खोलीत जा."

त्यातच माझ्या नणंदेचं, विजीचं, ठरत आलं. मुलगा पुण्याचा, कंप्युटरवाला. त्याची आत्या इथेच जे. पी. नगरला, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायची आणि वेळी-अवेळी डोकवायची. एकदा तिने फळीवरची पाकिटं बघितली. "एवढ्या गोळ्या कुणाला हो?"

"कुत्र्याला," अक्का म्हणाल्या.

संध्याकाळी गुरुनाथांनी बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा पुसून घेतला, माझ्या आणि चिकूच्या सगळ्या गोळ्या त्यात भरल्या आणि वर चिकटपट्टीने कागद लावला. त्यांचं अक्षर सुरेख आहे. मराठीत आणि खाली कन्नडमध्ये लिहिलं: चिकू. सकाळी १, रात्री ३. सकाळची त्याची, रात्रीच्या माझ्या. औषधाच्या दुकानातही चारही गोळ्या कुत्र्याच्या म्हणून यायला लागल्या. दुकानदार म्हणायचा, "कुत्रा आहे की घोडा, सार?" गुरुनाथ हसून घरी सांगायचे.

"विजीचं होऊ दे," अक्का मला म्हणाल्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

माझी मूठ झाकली तरी भेगा होत्या आणि उघडली तरी. पण मी गप्प बसले, हे मी कबूल करते. विजीचं लग्न मोडलं असतं तर खापर माझ्याच डोक्यावर फुटलं असतं. वर्षभर मी कुत्र्याच्या डब्यातून गोळ्या घेतल्या.

आनेकल

साखरपुड्याच्या आठवडाभर आधी मी आईला बोलवायला म्हैसूरला गेले. दोन दिवसांच्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून नेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी परत आले तर अंगणात साखळी पडलेली आणि चिकू नाही.

"आनेकलला पाठवला," अक्का म्हणाल्या. "पाहुणे येणार, मांडव पडणार, त्यात कुत्रं कुठे? गुरूच्या फॅक्टरीतला नंजप्पा आहे ना, त्याचा तोट आहे तिकडे. नारळाची झाडं, मोकळी जागा. मजेत राहील."

मी फळीकडे बघितलं. डबा नव्हता.

"अक्का, माझ्या गोळ्या?"

अक्कांनी पदराने तोंड पुसलं. "काय करणार होते मी? नंजप्पाचा टेंपो दारात उभा, गुरू ड्यूटीवर, आणि आत्याबाई इथे समोर बसलेल्या. त्याच म्हणाल्या, अहो, कुत्र्याचं औषध राहिलं की! उठून स्वतः डबा काढून दिला त्यांनी. मी नाही कसं म्हणू?"

"आणि नंजप्पाने किती द्यायच्या विचारलं असेल ना?"

"डब्यावर लिहिलंय की."

एक गोळी खाणाऱ्या पंधरा किलोच्या कुत्र्याला दोन दिवस रोज चार जात होत्या.

गुरुनाथ आतून कागदी पिशवी घेऊन आले. "तुझ्या मी नव्या आणल्यात. काळजी करू नकोस."

"तुम्हाला कधी कळलं?"

"परवा संध्याकाळी."

"परवा! आणि चिकूला चार जातायत हे?"

"नंजप्पाला काय सांगणार होतो, सुधा? तीन कुणाच्या म्हणून सांगू? उद्या फॅक्टरीभर होईल, परवा आत्याबाईंच्या कानावर. मला वाटलं दोन-चार दिवसांनी काहीतरी निमित्त करून डबा परत आणू. एवढ्याने काय होतंय त्याला."

लग्नानंतर पहिल्यांदा मी नवऱ्यावर ओरडले. काय ओरडले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मुकं जनावर म्हणून ज्याच्यासाठी हळहळत होतात त्याला माझी लाज झाकायला विष घालताय, एवढं नक्की म्हणाले. अक्का मध्ये पडल्या, "स्वल्प हळू बोल गं, शेजारी ऐकतील." मी आणखी मोठ्याने बोलले. मग गुरुनाथांनी निमूट स्कूटर काढली.

बन्नेरघट्टा, जिगणी, धुळीचा रस्ता. मी त्यांच्या खांद्याला धरलं नाही. मागच्या स्टेपनीला धरून बसले. ती ग्रीसने काळी झालेली होती आणि वाटभर ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

नंजप्पा दारातच भेटला. भला माणूस. त्याच्यावर मला राग धरता आला नाही. "लिहिलंय तसंच दिलं, अम्मा. एकही चुकवली नाही. रागीच्या मुद्देत, नाचणीच्या उकडीच्या गोळ्यात, घालून द्यायचो. कालपासून मुद्दे खाईना, तर दुधात कालवून पाजली."

चिकू गोठ्यात पोत्यावर पडला होता. पाय थडथडत होते, डोळ्यांची बुबुळं एवढी मोठी की डोळे काळेच दिसत होते, जीभ कोरडी पडून बाहेर आलेली. माझा आवाज ऐकून त्याने डोकं उचललं आणि ते पुन्हा पोत्यावर आपटलं. छातीवर हात ठेवला तर आतलं काळीज मोजता येणार नाही इतकं पळत होतं. ती धडधड मला ओळखीची होती.

नंजप्पाने टेंपो काढला. मी मागे चिकूला मांडीवर घेऊन बसले. स्कूटर मागून येत होती.

जनावरांच्या दवाखान्यात तेच डॉक्टर होते. त्यांनी चिकूला टेबलावर घेतलं, पायाचे केस कापले, सलाइन लावलं. "काय खाल्लं याने?"

"त्याच्या गोळ्या, स्वामी," नंजप्पा म्हणाला. "सकाळी एक, रात्री तीन." त्याने डबा पुढे केला, कागद वर येईल असा.

डॉक्टरांनी तो वाचला. "मी रोज एक लिहिली होती. या तीन कुणी वाढवल्या?"

रांगेतली माणसं बघायला लागली होती. एक म्हातारा शेळी घेऊन पुढे सरकला. गुरुनाथांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी चांगली ओळखते. पाहुणे काही अडचणीचं विचारतात तेव्हा ती नजर येते, म्हणजे तू काहीतरी सांग आणि वेळ मारून ने. वर्षभर मी वेळ मारून नेत आले होते. मी चिकूचा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि तोंड उघडलं नाही.

"सांगा लवकर," डॉक्टर म्हणाले. "याच्या पोटात खरंच चार गेल्या की नाही, कधीपासून गेल्या, त्यावर मी आता काय टोचायचं ते ठरणार आहे. खोटं सांगाल तर कुत्रा जाईल."

गुरुनाथांनी घसा खाकरला. कन्नडमध्ये म्हणाले, "त्या तीन माझ्या बायकोच्या. ती रोज घेते. आम्ही डब्यावर खोटं लिहिलं होतं."

"किती दिवस गेल्या कुत्र्याला?"

"दोन."

"सरी, ठीक आहे," म्हणून डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि सुई भरायला लागले. शेळीवाल्या म्हाताऱ्याने विचारलं, माझा नंबर कधी? नंजप्पाने डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "आधी सांगायचं ना, सार. मी त्यालाही नीट दिलं असतं आणि अम्मांच्याही वेगळ्या ठेवल्या असत्या."

एवढंच. एवढ्या एका वाक्यासाठी वर्षभर सगळं घर श्वास रोखून बसलं होतं.

नंतर

चिकू दोन दिवस सलाइनवर होता. तिसऱ्या दिवशी उभा राहिला, चौथ्या दिवशी घरी आणला. साखळी मी भंगारवाल्याला दिली. चिकू पुढे बरीच वर्षं जगला. डाव्या पायावर केस परत आले, पण पांढरे.

बातमी अर्थातच पसरली. मुलाच्या आईने विजीला विचारलं, हे घराण्यात आहे का? विजी म्हणाली, "वहिनी आहे हो ती, रक्ताची नाही." लग्न मोडलं नाही. त्या वाक्यासाठी मी विजीला अजून पुरतं माफ केलेलं नाही, आणि तिला ते माहीत आहे.

तुमच्या घरात कुणी अशा गोळ्या घेत असेल तर एवढं करा. डब्यावर खरं नाव लिहा. कुत्र्याचा असला तर कुत्र्याचं, सुनेचा असला तर सुनेचं.

दवाखान्यातून आलो त्या संध्याकाळी गुरुनाथ डब्यावरचा कागद नखाने खरवडत बसले होते. नवा कागद कापला आणि मला विचारलं, "काय लिहू?" मी म्हटलं, सुधा लिहा. त्यांनी लिहिलं, त्याच सुरेख अक्षरात. चिकूच्या गोळ्यांसाठी मग दुसरा डबा शोधला.

साखरपुड्याच्या सकाळी पाहुणे यायच्या आधी अक्कांनी हळूच माझ्या डब्यावर टॉवेल टाकला. सकाळपासून चार जणांनी हात पुसलेला, ओलसर टॉवेल. मी तो उचलला, त्याच टॉवेलला हात पुसले, तो खुंटीला अडकवला आणि हात न धुता आत्याबाईंना कुंकू लावायला गेले.